सुरणाचे पिल्लू



मंडळाने मला दोन शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा मी म्हटले, मला बोलता येईल ते फार तर सुरणाविषयी. सगळ्याजणी हसल्या, पण तेच बोला म्हणाल्या.

माझ्या लग्नानंतर आईने माहेरचा सुरणाचा एक गड्डा मला दिला. माहेरची जमीन नदीकाठची, रेताड. इथे जळगावला आमच्या परसात काळी चिकण माती. मी हौसेने गड्ड्याचे तुकडे केले, तसेच ओले पुरले आणि रोज पाणी घातले. पंधरा दिवसांनी उकरून पाहते तो सगळे कुजलेले! गड्ड्याला चिकटलेले सुपारीएवढे एक पिल्लू मात्र मी काढून कोनाड्यात ठेवले होते व विसरले होते. तेवढेच वाचले. माझा विसरभोळेपणा जन्मात एकदा उपयोगी पडला.

चूक कोठे झाली ते मागून कळले. सुरणाचा मुख्य कोंब माथ्यावर मधोमध असतो. म्हणून तुकडे उभे करावे व प्रत्येकास माथ्याचा थोडा भाग राहू द्यावा. तुकडा अर्ध्या किलोहून लहान नको. तो शेणकाल्यात बुडवून सावलीत चांगला सुकवावा, मगच लावावा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तीत वाळू आणि कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे. आखाजीनंतर, पावसाच्या आधी लावून वर पाचोळा पसरावा. कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानेच. पुढे छत्रीसारखे जे झाड दिसते ते झाड नव्हे, एकच पान असते! आठ-नऊ महिन्यांनी ते पिवळे पडून कोलमडले की गड्डा काढावा.

पिल्लाचे काम याहून सावकाश. दरवर्षी पान वाळले की खणायचे, कोरड्या वाळूत ठेवायचे, आखाजीनंतर पुन्हा लावायचे. सासूबाई दरवर्षी विचारीत, "काय गं, यंदा तरी खायचा का?" मी म्हणे, "अजून नाही." तिसऱ्या वर्षी आई गेली. माहेरी घर वाढवताना परसही गेले, सुरण गेला. आता होते ते माझ्याजवळचे तेवढेच. चौथ्या वर्षी भाजीजोगा गड्डा झाला, तेव्हाही मी आधी त्याची पिल्ले काढून घेतली आणि मगच विळीवर घेतला. त्यातली दोन शेजारी दिली. एका घरचे कुजले तर दुसऱ्या घरी असावे.

बियांपासूनही सुरण होतो, पण त्याला आणखी वर्षे लागतात. जुन्या गड्ड्याला पानाआधी फूल येते. त्याला मेलेल्या जनावरासारखी दुर्गंधी असते. तिच्यामुळे माश्या व किडे येतात. फुलातला मादीचा भाग आधी पिकतो, पराग मागून सुटतात. म्हणून जवळ दुसरे फूल असेल तरच लाल फळे धरतात. आमच्याकडे एकदाच फूल आले. घरच्यांनी नाके धरली आणि मला ते कापून टाकावे लागले.

एक सावधगिरी सांगते. कळलावीची फुले ज्वाळेसारखी सुंदर, म्हणून पुष्कळजणी ती लावतात. तिचा कंद नांगराच्या आकाराचा. संस्कृतात तिला लांगली म्हणतात. तो जहाल विषारी आहे. त्याला रताळे समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. तो खाण्याच्या कंदांत कधी ठेवू नये, आणि मुलांच्या हाती तर मुळीच लागू देऊ नये.

सुरण चिरताना हाताला तेल लावावे. खाज त्यातल्या सुईसारख्या बारीक स्फटिकांची असते. फोडी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात उकडल्या की ती जाते.

दाराशी टोपलीत पिल्ले ठेवली आहेत. जाताना एकेक घेऊन जा. ज्यांच्या परसात ऊन कमी, त्यांच्यासाठी शेजारच्या सुपात हळदीचे गड्डे आहेत. हळदीला थोडी सावली चालते.