पडदा आणि उंबरठा



खेड्यातले शिक्षक भेटले, की बोलता बोलता एक प्रश्न हमखास निघतो. मुलांनी सिनेमा पाहावा की पाहू नये? मला वाटते, या प्रश्नात आता फारसा राम उरलेला नाही. मुले सिनेमा पाहणारच, आणि त्यांचे आईबापही पाहणारच. मला विचारायचे आहे ते निराळेच. सिनेमा पाहून घरी आल्यावर आपल्याला आपले घर कसे दिसते?

आमच्याकडे जत्रेच्या दिवसांत गावाबाहेर सिनेमाचा तंबू पडायचा. मोटारीवर कर्णा लावून दिवसभर पुकारा व्हायचा. जेवणे उरकली, की माणसे घोंगडी, पोती काखेत मारून निघायची. कुठेकुठे पडदा तंबूच्या मधोमध टांगलेला असे. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. म्हणजे एका बाजूला सारे चित्र उलटे दिसायचे, पाटीवरची अक्षरेसुद्धा उलटी! पण डोळ्यांना पाणी मात्र दोन्हीकडे एकाच वेळी यायचे.

अशाच एका तंबूत मी 'संत तुकाराम' पाहिला. प्रभातचा हा बोलपट १९३६ सालचा, दामले आणि फत्तेलाल यांचा. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम सर्वांना आठवतो. माझ्या मनात घर करून राहिली ती गौरी यांनी उभी केलेली जिजाई. नवरा अभंगात रंगलेला, आणि हिला पोरांच्या पोटाची चिंता. संसार ओढते तीच, आणि देवाशी भांडतेही तीच.

खेळ सुटला. माझ्यापुढे एक गृहस्थ उपरण्याने डोळे पुसत चालले होते. "बिचारीनं काय काय सोसलं हो!" असे सोबत्याला सांगत होते. त्यांच्या मागे दहा पावलांवर त्यांची कारभारीण चालली होती. खांद्यावर झोपलेले पोर, हातात कंदील. जरा थांबून पोर आपल्याकडे घ्यावे, हे काही त्यांना सुचले नाही. गृहस्थ दुष्ट नव्हते, बरं का. त्यांचे अश्रू खरेच होते. पण ते पडद्यापाशीच संपले.

असे का होते? पडद्यावर कोणीतरी आपल्यासाठी निवड केलेली असते. नको ते वगळलेले असते, हवा तो चेहरा अगदी जवळ आणलेला असतो, आणि आपण अंधारात गप्प बसून त्याच्याकडेच पाहत असतो. घरातला चेहरा रोजच जवळ असतो. म्हणूनच तो दिसत नाही. ही निवड घरी आपली आपल्यालाच करावी लागते.

चांगला सिनेमा ती शिकवतो. शांतारामबापूंचा 'कुंकू' १९३७ सालचा. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लावलेले लग्न मानायला शांता आपटे यांची नीरा साफ नकार देते. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे जे आवाज सहज उठतील तेवढेच. तसे आपल्या घरातले आवाज कधी कान देऊन ऐकलेत का? भाकरी थापल्याचा, हापशाच्या दांड्याचा, रात्री ओसरीवर म्हाताऱ्याच्या खोकल्याचा? यातला एखादा थांबतो, तेव्हा कुठे तो इतके दिवस होता हे कळते.

२००४ साली आलेला 'श्वास' पाहा. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा हा दुसरा मराठी चित्रपट. नातवाचा जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया हवी, आणि तिच्यात दृष्टी जाणार. तेव्हा कोकणातला एक आजोबा त्या पोराला रुग्णालयातून बाहेर नेऊन शहर दाखवतो, डोळे आहेत तोवर. तो सिनेमा पाहिल्यावर कितीतरी दिवस मी अंगणातली जास्वंदसुद्धा निराळ्या डोळ्यांनी पाहत होतो.

पण सगळेच सिनेमे असे नसतात. तिथे कर्ज एका गाण्यात फिटते. लग्न लागले की गोष्ट संपते. आपल्याकडे ती तिथूनच सुरू होते! वयात आलेली मुले पडद्याच्या मापाने घर मोजू लागतात. बापाच्या मातीच्या हातांची, आईच्या बोलीची त्यांना लाज वाटू लागते. लग्नाचा थाट पडद्यावरचा पाहून होतो, आणि फेडावा लागतो तो आपल्या बांधावरच्या पिकातून.

त्यातून आता सिनेमा मोबाईलमधून खिशात आला आहे. जो तो आपापल्या कोपऱ्यात एकटा पाहतो. तंबूतून परतताना वाटेवर जी चर्चा चाले, ती गेली. शिक्षकांनो, ती वाट वर्गात पुन्हा उघडा. मुलांना गोष्ट विचारू नका. ती त्यांना पाठच असते. तीन गोष्टी विचारा. या सिनेमात राबले कोण, आणि त्याच्याकडे कुणाचेच लक्ष गेले नाही असे कोण? आपल्या गावात हेच घडले असते तर किती दिवस लागले असते? आणि पाहताना घरातले कोण आठवले? तिसऱ्या प्रश्नाला वर्ग थोडा वेळ गप्प बसेल. बसू द्या.

आणि तुम्ही, मंडळी, सिनेमा पाहून उशिरा घरी आलात, तर कोणीतरी भाकरी झाकून ठेवून जागे असेल. आधी विचारा, "जेवलीस का?" सिनेमाची गोष्ट मग सांगा.