मोकळी बाके
(रविवारच्या उपासनेनंतर मंडळीपुढे केलेले भाषण)



मागच्या सभेत आपल्यातल्या एका वडीलधाऱ्या बांधवांनी विचारले होते, "आपल्या दानातून घेतलेल्या जीपमध्ये दुसऱ्या संस्थेची माणसे का बसतात?" प्रश्न रास्त आहे. उत्तर त्याच दिवशी द्यायला हवे होते. पण ते देताना माझी चूक सांगावी लागते, म्हणून मी टाळले.

आपली जीप दर मंगळवारी अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगीकडच्या पाड्यांवर जाते. जाताना औषधांची खोकी, परिचारिका आणि मी. येताना खोकी रिकामी आणि मागची दोन्ही बाकेही रिकामी. दोन पावसाळ्यांमागे अशाच एका संध्याकाळी घाटाच्या वरच्या वळणावर एक बाई मुलाला पाठीशी बांधून उभी होती. तिने हात केला नाही आणि आम्हीही थांबलो नाही. अंधारायच्या आत घाट उतरायची घाई होती. चालकाला होती, तशी मलाही.

आठवड्याने ती बाजारात भेटली. मुलाला सिकलसेल आहे. त्या दिवशी हातापायांत कळा सुरू होऊन तो तळमळत होता. १०८ ला फोन लावावा तर रेंज नाही. रात्री उशिरा एका पिकअपवाल्याने त्यांना खाली आणले. मुलगा चार दिवस दवाखान्यात होता. मी विचारले, "मग हात का नाही केलास?" ती म्हणाली, "ती गाडी आमची नाही ना, ताई. आमची गुरुवारी येते."

तिचे गाव दुसऱ्या संस्थेकडे आहे. गावे आम्ही दोन्ही संस्थांनी वाटून घेतली होती, कागदावर, चहा पीत. ती वाटणी तिने मुकाट्याने पाळली.

त्यानंतर मी त्या संस्थेच्या कार्यकर्त्याला भेटले. दोघांची लॉगबुके शेजारी ठेवली. तोच घाट, तेच डिझेल आणि गुरुवारी त्यांचीही बाके रिकामी. आता दोन्ही गाड्या कुठल्याही गावच्या रुग्णाला घेतात. त्यामुळे घाटाला आठवड्यात एक नव्हे, दोन दिवस गाडी मिळते आणि आपला एक पैसाही वाढलेला नाही. भाडे कोणाकडून घेत नाही. आपल्या गाडीला तसा परवाना नाही. डिझेल ज्याचे त्याने भरायचे. एकमेकांना पैसे द्यायचे नाहीत, कारण २०२० च्या दुरुस्तीपासून विदेशी देणगी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे देता येत नाही. आपली जीप तुमच्या दानातली आहे, तरी हिशेब स्वच्छ असलेला बरा.

सगळे गोड झाले असे नाही. एकदा त्यांच्या माणसासाठी आम्ही तासभर खोळंबलो. चालक माझ्याशी दोन दिवस बोलला नाही आणि त्याचे बरोबर होते. मग नियम केला : चार वाजता गाडी सुटणार. कार्यकर्त्यासाठी थांबायचे नाही, रुग्णासाठी थांबायचे.

यात नवे काही नाही. एकेक बैल असलेले दोन शेतकरी सावड करतात, तेव्हा नांगरताना हा बैल कोणाचा असे कोणी विचारत नाही. दोन्ही शेते वेळेवर पेरून होतात. २ राजे ४ मधली कर्जबाजारी विधवा आठवा. अलीशाने तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगितले. भांडी शेजाऱ्यांची होती, रिकामीच पडलेली होती. ती मागण्यात तिला कमीपणा वाटला नाही. आम्हा संस्थांना मात्र वाटतो.

आता वसतिगृहाचे. मे महिन्यात मुली घरी जातात, खोल्यांना कुलूप लागते, तरी विजेच्या मीटरचा स्थिर आकार भरावाच लागतो. त्या संस्थेला आरोग्यसेविकांच्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणासाठी जागा हवी आहे. आपल्या समितीने अजून होकार दिलेला नाही. गाद्या खराब होतील, ही काळजी आहे. गाद्या मी स्वतः मोजून देईन आणि मोजून घेईन, असे लिहून दिले आहे.

तुमच्यापैकी कोणाची व्हॅन रविवारखेरीज उभी असते, कोणी निवृत्त परिचारिका आहेत, कोणाच्या दुकानामागची खोली रिकामी आहे. काय आहे आणि कोणत्या वारी मोकळे असते, एवढेच चिठ्ठीवर लिहून बाहेर पडताना माझ्याकडे द्या. ज्या बांधवांनी प्रश्न विचारला होता, त्यांना येत्या मंगळवारी आमच्याबरोबर यायची विनंती आहे. पुढची सीट त्यांच्यासाठी ठेवली आहे. घाटात रुग्ण भेटला तर मात्र मागच्या बाकावर बसावे लागेल.