इनामाची रक्कम आणि हात उचलण्याचा हक्क

सोनगीरवरून शिरपूरकडे निघालेला आग्रा रोड पुढे सेंधव्याच्या घाटात चढतो. त्या घाटाची राखण एके काळी खाज्या नाईककडे होती. त्याने केलेल्या मारहाणीत एक संशयित दगावला, तेव्हा इंग्रजांनी त्याला तुरुंगात टाकले, नंतर सोडले आणि पुन्हा घाटावरच नेमले. 1857 मध्ये तोच नाईक कंपनी सरकारविरुद्ध उठला. 11 एप्रिल 1858 रोजी आंबापाणीला भिल्लांची इंग्रज फौजेशी लढाई झाली आणि 1860 मध्ये नाईकाचा दग्याने जीव घेतला गेला. माणसाला पकडावे कुणी आणि मारावे कुठवर, हा प्रश्न खानदेशाला त्या काळापासून ठाऊक आहे.

त्या काळी सरकारचा भरवसा इनामावर असे. उमाजी नाईकांसाठी 10,000 रुपये लावले गेले. ते भोरजवळ उत्रोळीला सापडले आणि 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात फासावर गेले. वासुदेव बळवंत फडक्यांवर सरकारने इनाम लावले, तर त्यांनी उलट गव्हर्नर रिचर्ड टेंपलच्याच डोक्यावर इनाम जाहीर केले. 1897 मध्ये पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्या वधानंतर 20,000 रुपयांची घोषणा झाली आणि चापेकरांची बातमी द्रविड बंधूंनी दिली. 8 फेब्रुवारी 1899 च्या रात्री वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी त्या दोघांना गोळ्या घातल्या. पैशाच्या लोभाने सुरू झालेल्या शोधात रक्त किती सहज सांडते, हे यातून दिसते.

आजचे पोलिसांचे इनाम असते ते माहितीसाठी. ते जाहीर झाले म्हणून कुणाला कुणाच्या घरात शिरण्याचा, कुणाला बांधण्याचा किंवा बडवण्याचा परवाना मिळत नाही. सामान्य माणसाला अटकेचा अधिकार आहे, पण तो बेताचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत घडला पाहिजे, नाहीतर समोरचा माणूस न्यायालयाने फरारी जाहीर केलेला गुन्हेगार पाहिजे. पकडल्यावर विनाकारण वेळ न काढता, फार तर 6 तासांत, त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. ही सहा तासांची अट 1 जुलै 2024 पासून आली. आधीच्या कायद्यात तासांचा आकडा नव्हता. पकडलेला माणूस पळू नये एवढाच आवर घालता येतो. त्याने झटापट केली तर ती मोडण्यापुरते बळ वापरता येते. ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा हक्क मात्र या अटकेच्या कलमांतून पोलिसालाही मिळत नाही.

अमेरिकेत चित्र निराळे आहे. तिथे आरोपीसाठी जामिनाची रक्कम भरणारे धंदेवाईक असतात आणि आरोपी पळाला की ते भाडोत्री शिकारी मागे लावतात. 1872 च्या टेलर विरुद्ध टेंटर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जामीनदाराचा हा हक्क फार सैल शब्दांत मान्य केला. तरी इलिनॉय, केंटकी, ओरेगॉन आणि विस्कॉन्सिन या राज्यांनी हा धंदा बंद केला. 2003 मध्ये ड्वेन चॅपमन या नामांकित शिकाऱ्याने बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या अँड्र्यू लस्टरला मेक्सिकोत पकडले, तेव्हा मेक्सिकोच्या पोलिसांनी चॅपमनलाच आत टाकले.

आपल्याकडे जामीनदार म्हणजे बहुधा सातबारा घेऊन कोर्टात उभा राहिलेला भाऊबंद किंवा शेजारी. आरोपी फिरकला नाही तर दंड जामीनदाराच्या अंगावर येतो. त्याला जामिनातून मोकळे व्हायचे असेल तर अर्ज करावा लागतो. वॉरंट न्यायालय काढते. माणसे घेऊन आरोपीला उचलून आणण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही, आणि ते योग्यच आहे.

सोनगीरच्याच जिल्ह्यातले राईनपाडा विसरता येत नाही. 1 जुलै 2018, आठवडे बाजाराचा रविवार. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा मोबाइलवर फिरत होत्या. नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या, भिक्षेवर गुजराण करणाऱ्या पाच जणांना जमावाने संशयावरून धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. तिथे इनाम नव्हते आणि कुणाच्या डोळ्यांसमोर गुन्हाही घडला नव्हता. गावाचा कारभार चालतो त्या खोलीत हे घडावे, याची शरम साक्री तालुक्यापुरती राहू नये. त्यानंतर 16 दिवसांनी तहसीन पूनावाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमण्याचा आदेश दिला.

गणवेशातल्या हातांनाही न्यायालयाने आवरले आहे. 1995 ते 1997 मधल्या मुंबईतल्या चकमकींवरून चाललेल्या खटल्यात 23 सप्टेंबर 2014 रोजी नियम घालून दिले गेले. त्यांतला एक असा की, चकमकीनंतर लगेच शौर्यपदक किंवा नंबर डावलून बढती द्यायची नाही. शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच तो विचार करायचा.

सोनगीरला पोलीस ठाणे गावातच आहे. दूरच्या पाड्यावर मात्र 112 ला फोन लागला तरी गाडी पोचायला वेळ जातो. तेवढा वेळ पोलीस पाटील, सरपंच आणि शाळेतल्या गुरुजींनी, जमावाने धरलेल्या माणसाभोवती उभे राहायचे, त्याला पाणी द्यायचे, नावगाव विचारायचे आणि दाराशी जमलेल्यांना आत येऊ द्यायचे नाही.