उत्तर न देणारा सर्व्हर

श्रोतेहो, सेनगावच्या किंवा कळमनुरीच्या सेवा केंद्रात डिजिटल सातबारा मागावा, तर पडद्यावरचे चक्र कधी कधी फिरतच राहते. केंद्रचालक म्हणतो, ‘सर्व्हर डाऊन आहे.’ दर वेळी तसेच असते काय?

मागणी पोचली की सर्व्हर उत्तरासोबत एक आकडा धाडतो. 200 म्हणजे काम झाले, 404 म्हणजे मागितले ते सापडले नाही, 503 म्हणजे तूर्त सेवा देता येत नाही. ही देवघेव प्रोग्रामर तयार लायब्ररीकडून करवून घेतो. पायथॉन भाषेतली ‘रिक्वेस्ट्स’ ही 2011 सालची लायब्ररी मोठी सोयीची. पण गंमत पाहा, किती सेकंद थांबायचे हे तिला सांगितले नाही, तर ती ताटकळत बसू शकते!

म्हणून चाचणीत सर्व्हरचे सोंग उभे करतात. ‘रिस्पॉन्सेस’ ही लायब्ररी हेच करते. मुद्दाम 503 देते, नाहीतर वेळ संपल्याचे दाखवते. मग आपला प्रोग्राम तोच अर्ज गुपचूप दुसऱ्यांदा धाडतो काय, हे दिसते. पहिला अर्ज कदाचित नोंदलाही गेला असेल, फक्त उत्तर वाटेत हरवले असेल; आणि पीकविम्याची मुदत तर उद्याच संपायची!

शिक्षकबंधूंनो, संगणकाच्या तासाला मुलांकडून हा प्रयोग करवून घ्या. आरंभ मात्र 503 पासून करा.