पात्यामागची पोकळी



गोल्फच्या खेळाविषयी मी बोलावे, हे ऐकून माझ्या परिचितांस हसू येईल. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. सारा जन्म सातवीच्या मुलांस गणित व विज्ञान शिकविण्यात गेला. गोल्फचे मैदान मी पाहिले ते कुंपणाबाहेरून. परंतु गेल्या वर्षी एके सायंकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याचे वय आता 52. म्हणाला, "सर, गोल्फ सोडून द्यावे म्हणतो." डॉक्टरांनी चालण्यास सांगितले म्हणून दोन वर्षांपूर्वी तो या खेळाकडे वळला होता, आणि एकलकोंडा झालेला हा गृहस्थ त्यामुळे पुन्हा माणसांत आला, हे मला त्याच्या पत्नीकडून ठाऊक होते. तेव्हा त्याचे बोलणे मला बरे वाटले नाही. "का रे?" म्हणून विचारले, तेव्हा त्याने पिशवीतून एक आयर्न काढून माझ्या हाती दिले.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोल्फच्या काठ्यांपैकी ज्यांच्या टोकाला पोलादाचे तिरपे पाते असते, त्यांस आयर्न म्हणतात. माझ्या हाती होते ते सात नंबरचे. पाते अरुंद, कड बारीक, पाठ भरीव व गुळगुळीत. वस्तू मोठी देखणी होती. असल्या आयर्नास ब्लेड म्हणतात. "टायगर वुड्स याच तऱ्हेच्या आयर्नांनी खेळत आला, म्हणून मीही घेतली," असे तो म्हणाला. आता दर रविवारी हाताला झिणझिण्या येत होत्या, आणि चेंडू निम्म्या वाटेतच पडत होता.

दुसरी जात कॅव्हिटी बॅकची. तिच्यात पात्याच्या पाठीमागचे मधले पोलाद कोरून काढलेले असते आणि ते वजन कडेकडेने, विशेषतः खालच्या बाजूस, वाटलेले असते. एवढ्याने काय होते, ते घरच्या घरी पाहता येईल. एक लांब पट्टी घ्यावी, तिच्या मध्याजवळ दोन्ही बाजूंस एकेक कुलूप बांधावे, आणि पट्टी मध्यावर धरून मनगटाने इकडेतिकडे फिरवावी. ती सहज फिरते. मग तीच कुलुपे दोन्ही टोकांस सरकवून पुन्हा फिरवून पाहा. वजन तेच, पण पट्टी आता हट्टी झालेली असते. वजन मध्यापासून दुप्पट अंतरावर नेले की त्याचा फिरण्यास होणारा विरोध चौपट होतो. हा नियम मी वर्गात पुष्कळदा सांगितला, पण त्याचा असा उपयोग माझ्या ध्यानी कधी आला नव्हता.

गोल्फचा चेंडू सुमारे 46 ग्रॅमचा, आणि सात नंबरच्या पात्याचे वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास. दोघांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढाच टिकतो. तेवढ्यात चेंडू पात्याच्या मध्यावर बसला तर सारा जोर त्याला मिळतो. क्रिकेटच्या बॅटीवर चेंडू नेमका बसला की हाताला काही कळतही नाही, तसेच हे. पण चेंडू अर्धा इंच टोकाकडे लागला, की पाते हातात फिरते, जोर वाया जातो आणि दिशा चुकते. ब्लेडचे पाते अधिक फिरते, कॅव्हिटी बॅकचे कमी. शिवाय वजन खाली असल्यामुळे चेंडू सहज उंच उठतो, आणि बूड रुंद असल्यामुळे पाते मातीत रुतत नाही.

या तत्त्वाचा मोठा प्रसार ज्याने केला, तो कार्स्टन सोल्हाइम नावाचा इंजिनियर. जन्म 1911 चा, नॉर्वेमधील बर्गेन येथला. पण वाढला अमेरिकेत. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत नोकरीस असता, चाळिशी उलटल्यावर, तो गोल्फ खेळू लागला. त्याला पटिंग, म्हणजे भोकाजवळचे हलके फटके, नीट जमेनात. 1959 साली त्याने घरच्या गॅरेजमध्ये स्वतःचा पटर घडविला, वजन दोन्ही टोकांस वाटून. चेंडू लागताच त्यातून 'पिंग' असा आवाज निघे. त्यावरून त्याने आपल्या मालाचे नाव ठेविले. हाच विचार त्याने पुढे आयर्नांस लाविला, आणि 1967 साली नोकरी सोडून पूर्ण वेळ याच धंद्यास वाहून घेतले. उशिरा शिकावयास लागलेल्या माणसाने हे केले, याचे मला फार कौतुक वाटते. जन्मजात खेळाडूस हे सुचण्याचे कारणच पडले नसते.

माझ्या विद्यार्थ्याचे यावर एक म्हणणे होते, आणि ते पुष्कळांचे असते. "सर, ब्लेड हा कडक गुरू आहे. तो चूक लपवू देत नाही, म्हणून हात सुधारतो." हे ऐकून मी जरा गप्प राहिलो. तरुणपणी मीही गणिताची रीत बरोबर असून उत्तर चुकले तर शून्य देत असे. काही मुले त्याने सुधारली. बरीचशी गणितालाच सोडून गेली. समोर बसलेला हा गृहस्थ त्या दुसऱ्यांपैकी होता. हे त्याला आठवत होते की नाही, मी विचारले नाही.

ब्लेडची बाजू अगदीच लंगडी आहे असे मात्र नाही. जो रोज शंभर चेंडू मारतो आणि ज्याचा चेंडू बहुधा मध्यावरच बसतो, त्याला चेंडू खाली ठेवणे, डावी-उजवीकडे वळविणे, ही कारागिरी ब्लेडने अधिक बारकाईने साधते. प्रश्न इतकाच, की आपला चेंडू खरोखर कोठे बसतो? मी त्याला म्हटले, "अरे, पात्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरव, वीस चेंडू मार, आणि डाग मोज." पुढच्या रविवारी त्याने मोजले. मध्यावर पाच.

मग तो दुकानात गेला. तेथे एक फसगत होण्याजोगी असते. जुन्या घडणीच्या सात नंबरच्या ब्लेडचा तिरपेपणा सुमारे 34-35 अंशांचा असतो. आजच्या पुष्कळ कॅव्हिटी बॅकचा तिशीच्याही आत. त्यामुळे दुकानात नव्या आयर्नाने चेंडू दूर गेला, की ती पोकळीची करामत वाटते. वस्तुतः त्यातला बराच भाग नुसत्या आकड्याचा असतो. कालचे सहा आज सात म्हणून विकले जाते. म्हणून तुलना करावयाची तर अंश विचारून करावी. त्याने अंश विचारले, तेव्हा विक्रेत्यास यादी काढून पाहावी लागली म्हणे!

कित्येक कसलेले व्यावसायिक खेळाडूदेखील लांब पल्ल्याची आयर्न कॅव्हिटी बॅकची व जवळची ब्लेडची, असा मिश्र संच बाळगतात. माझ्या विद्यार्थ्याने तेवढी हौस केली नाही. पाचपासून पुढची सर्व कॅव्हिटी बॅक, तीही वापरलेली, निम्म्या किमतीत घेतली. जुना संच विकला, पण सात नंबरचे ते देखणे ब्लेड ठेवून घेतले. खेळण्यापूर्वी त्यावर पावडर टाकून तो वीस चेंडू मारतो आणि आकडा मला फोनवर कळवितो. गेल्या रविवारी नऊ होते.