बार्बाडोसचे सागरकिनारे

क्रिकेटमुळें वेस्ट इंडीज बेटांचीं नांवें मराठी घरांत परिचयाचीं झालीं आहेत. २९ जून २०२४ रोजीं बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाउन येथें भारतीय संघानें वीस षटकांचा विश्वचषक जिंकला. परंतु विजयानंतर संघास कांहीं दिवस तेथेंच अडकून पडावें लागलें. कारण ‘बेरिल’ नांवाचें चक्रीवादळ १ जुलै रोजीं बेटाच्या दक्षिणेकडून गेलें. कोळ्यांच्या अनेक बोटींचा त्यांत चुराडा झाला. या किनाऱ्यांचें सौंदर्य जितकें खरें, तितकाच तेथील समुद्राचा कोपही खरा.

म्हणून प्रवाशानें प्रथम ऋतूचा विचार करावा. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ. डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा व सुखाचा. मात्र याच दिवसांत गर्दी अधिक व मुक्कामही महाग. खर्च व स्वस्थता यांचा मेळ घालावयाचा असल्यास या सुखाच्या काळाची अखेर गांठावी.

बेटाची लांबी सुमारें ३४ किलोमीटर व रुंदी सुमारें २३. पण त्याच्या दोन बाजूंस दोन निराळे समुद्र आहेत. पश्चिमेस पेन्स बे, मलिन्स यांसारखे किनारे वाऱ्याच्या आडोशाला असल्यामुळें तेथें पाणी बहुधा शांत असतें. मुलांस व नवशिक्यांस हीच बाजू योग्य. पूर्वेस बाथशेबा येथें अटलांटिकच्या लाटा थेट येऊन आदळतात; आफ्रिकेपर्यंत त्यांना अडविणारी भूमि नाहीं. तो देखावा पाहावा, पण त्या पाण्यांत पोहण्याचें साहस करूं नये. मुंबईच्या माणसास भरती-ओहोटीवरून समुद्राचा अंदाज बांधण्याची संवय असते. येथें पाण्याची चढउतार फार थोडी, त्यामुळें तो अंदाज फसवा ठरतो. तांबडें निशाण दिसल्यास पाण्यांत उतरूं नये. ओढ आंत खेंचूं लागली, तर तिच्याशीं झुंज न घेतां किनाऱ्याला समांतर पोहत बाजूस जावें व मग परतावें.

किनाऱ्यावरील मँचिनील या झाडाची ओळखही आवश्यक आहे. त्याचें फळ लहान हिरव्या सफरचंदासारखें दिसतें, पण तें विषारी असतें. चीक लागल्यास कातडीवर फोड येतात. म्हणून पावसांत त्याच्याखालीं आसरा घेऊं नये. कांहीं ठिकाणीं अशा झाडांवर तांबडा पट्टा रंगविलेला असतो.

तेथील शुभ्र वाळूची कथा मोठी मनोरंजक आहे. पोपटमासा प्रवाळावरील शेवाळ खरवडून खातो. त्याबरोबर प्रवाळाचे कण त्याच्या पोटांत जातात व बारीक वाळू होऊन बाहेर पडतात. प्रवाळ मेला, तर ही वाळू येणार कोठून? यास्तव पाण्यांत पोहतांना प्रवाळावर पाय ठेवूं नये. रात्रीं कासवें अंडीं घालण्यास वर येतात, त्यांच्यावर दिवे रोखूं नयेत.

तेथील लोकांच्या संगतीनें बेट पाहणें अधिक उत्तम. शुक्रवारीं सायंकाळीं ऑइस्टिन्स येथें ताजे मासे भाजून देतात व संगीतही चालतें. उडता मासा व मक्याच्या पिठाचें कूकू हें तेथील राष्ट्रीय भोजन. सैनिकी छापाचे कपडे मात्र बरोबर नेऊं नयेत. सामान्य नागरिकानें ते वापरणें तेथें कायद्यानें गुन्हा आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बार्बाडोसमध्यें सर्व किनारे सार्वजनिक आहेत. परंतु आलिशान हॉटेलांच्या रांगांतून समुद्राकडे जाणाऱ्या वाटा अरुंद होत गेल्या, तर हा हक्क केवळ नांवाचा उरेल. पाहुण्यानें त्याच वाटेनें जावें, कोळ्याच्या जाळ्याला व खेळणाऱ्या मुलांना जागा द्यावी, आणि वाळू होती तशीच मागें ठेवावी.