नळीनिर्मितीतील मेल्ट पंप : निगा आणि तपासणी

(प्लास्टिक नळ्यांचे उत्पादन करणाऱ्या लघुउद्योगांतील कारखानदार व तंत्रज्ञ यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रुग्णाच्या शिरेत घालावयाची कॅथेटरची नळी परिचारिका पाकिटातून काढते, तेव्हा त्या नळीच्या भिंतीची जाडी ती मोजून पाहत नाही. वाहनाच्या हवेच्या ब्रेकमधील नायलॉनची नळी जोडणारा कारागीरही ती पाहत नाही. नळी सर्वत्र सारखी आहे असे दोघेही गृहीत धरतात. हे गृहीत खरे ठरविण्याची जबाबदारी नळी तयार करणाऱ्या कारखान्यावर असते, आणि तेथे ती बऱ्याच अंशी एका लहानशा यंत्रभागावर येऊन पडते. हा भाग म्हणजे मेल्ट पंप होय.

जाडीतील किंचित फरकाने काय बिघडते, हे एका हिशेबावरून ध्यानात येईल. कॅथेटरचा बाहेरचा व्यास 'फ्रेंच' या मापात सांगतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, म्हणून ६ फ्रेंचची नळी २ मिलिमीटरची. तिची भिंत ०.२५ मिलिमीटर असेल, तर आतला व्यास १.५ मिलिमीटर राहतो. आता बाहेरचा व्यास आणि नळी ओढण्याचा वेग कायम असताना डायमधून येणारा माल ५ टक्क्यांनी वाढला, तर आतला व्यास सुमारे २ टक्क्यांनी घटतो. बारीक नळीतील द्रवाचा संथ प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे तो तेवढ्याने ७ ते ८ टक्क्यांनी कमी होतो. डोळ्यांना न दिसणारा दोष औषधाच्या प्रवाहात मात्र उमटतो.

पंपाचे कार्य

एक्स्ट्रूडरचा स्क्रू प्लास्टिकचे दाणे वितळवून त्याचा रस पुढे ढकलतो. परंतु दाण्यांचा पुरवठा, त्यांचा आकार, तापमान आणि जाळीवर साचणारा कचरा यांमुळे स्क्रूकडून येणारा दाब कमी-अधिक होत राहतो. स्क्रू आणि डाय यांच्यामध्ये मेल्ट पंप बसविला की हे चढउतार बऱ्याच अंशी तेथेच थांबतात.

पंपाच्या घरात एकमेकांत गुंतलेले दोन गिअर असतात. दात आणि घराची भिंत यांमधील पोकळीत रस भरला जातो, कडेकडेने दुसऱ्या बाजूस नेला जातो आणि दात एकमेकांत शिरताच डायकडे ढकलला जातो. प्रत्येक फेऱ्यास ठरावीक आकारमानाचा रस बाहेर पडतो. स्क्रूने वितळवावे आणि पंपाने मोजून द्यावे, अशी ही कामाची वाटणी आहे.

या पंपाचे वैशिष्ट्य असे की त्याच्या बेअरिंगला निराळे वंगण नसते. प्लास्टिकचा रसच वंगणाचे काम करतो. पंपाच्या निगराणीचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात. रस नसेल तर पंप कोरडा फिरून खराब होतो. रस जळला तर बेअरिंगमध्ये कोळसा धरतो. रसातून धातूचा कण आला तर तो थेट गिअरच्या दातांत जातो. पी.व्ही.सी.सारख्या उष्णतेने लवकर विघटन पावणाऱ्या मालासाठी हा पंप जपूनच वापरावा लागतो, तोही याच कारणाने. बेअरिंगमध्ये रेंगाळलेला असा माल जळून हायड्रोजन क्लोराइड हा क्षोभक व धातू खाणारा वायू सुटतो.

सुरुवात आणि थांबा

पंपाची सर्वांत मोठी हानी बहुधा चालताना होत नाही, ती सुरू करताना होते. तापमापकाने ठरलेला अंश दाखविला म्हणजे पंप आतपर्यंत तापला असे नव्हे. तापमापक घराच्या पोलादाचे तापमान सांगतो; गिअर आणि बेअरिंग यांमधील प्लास्टिक तेव्हाही घट्ट असू शकते. अशा वेळी मोटार चालू केल्यास शिअर पिन तुटते, आणि ती तुटावी यासाठीच बसविलेली असते. तिच्या जागी साधा खिळा अथवा जाड पिन घालणे म्हणजे पिनेऐवजी शाफ्ट मोडण्याची सोय करणे होय. निर्मात्याने सांगितलेला तापविण्याचा अवधी म्हणून पूर्ण द्यावा. प्रथम स्क्रू हळू चालवून रस पंपाच्या तोंडाशी आणावा, तेथील दाबमापकावर दाब दिसू लागताच पंप मंद गतीने फिरवावा आणि मोटारीच्या विद्युत्प्रवाहाकडे लक्ष ठेवून दोहोंची गती क्रमाने वाढवावी.

थांबविताना पंपाच्या तोंडचा दाब नाहीसा होण्यापूर्वीच पंप बंद करावा. पंप रिकामा करून ठेवू नये. आत भरलेले प्लास्टिक हवेला आत येऊ देत नाही. माल उष्णतेस नाजूक असेल तर बंद करण्यापूर्वी पॉलिएथिलीनसारखा टिकाऊ माल आतून फिरवून घ्यावा. पी.व्ही.सी. आणि ॲसिटाल हे दोन माल मात्र कोणत्याही परिस्थितीत एकमेकांत मिसळू देऊ नयेत. त्यांच्या संयोगाने वेगाने विघटन होऊन दाबाखाली वायू साचतो आणि कामगाराच्या जिवावर बेतू शकते.

न उघडता करावयाची तपासणी

पंप वरचेवर उघडून पाहणे म्हणजे निगा नव्हे. प्रत्येक वेळी उघडताना घासलेली मुखे, सील आणि बेअरिंग यांना इजा होण्याचा संभव असतो. चांगला तंत्रज्ञ पंपाला बाहेरूनच पुष्कळ काही विचारू शकतो.

प्रत्येक पाळीत पाच गोष्टी वहीत नोंदवाव्या : पंपापूर्वीचा दाब, पंपानंतरचा दाब, पंपाच्या फेऱ्या, मोटारीचा विद्युत्प्रवाह आणि रसाचे तापमान. एका दिवसाचे आकडे फारसे काही सांगत नाहीत, परंतु महिन्याभराचे आकडे ओळीने पाहिले की पंपाची प्रकृती कळते.

आठवड्यातून एकदा वजनाची कसोटी घ्यावी. उदाहरणार्थ, एका फेऱ्यास २० घन सेंटिमीटर रस देणारा पंप मिनिटास २० फेरे करीत असेल, तर ४०० घन सेंटिमीटर रस बाहेर पडावयास हवा. कमी घनतेच्या पॉलिएथिलीनच्या रसाची घनता सुमारे १९० अंश सेल्सिअसला ०.७६ धरल्यास त्याचे वजन ३०४ ग्रॅम भरते. प्रत्यक्षात एका मिनिटाचा माल २९० ग्रॅम भरला, तर पंपाची कार्यक्षमता सुमारे ९५ टक्के झाली. उरलेला रस फटींतून मागे परतला. माल, तापमान आणि दाब तेच ठेवून हा आकडा दर आठवड्यास घटत गेला, तर आतील फटी रुंदावत आहेत असे समजावे. फटीतून परतणारा रस ढोबळमानाने तिच्या रुंदीच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे फट दुप्पट झाली तर गळती आठपट होते. झीज आरंभी सावकाश जाणवते आणि पुढे एकदम भोवते, ती यामुळेच.

नळीच्या जाडीतील चढउताराचा कालावधीही बोलका असतो. तो स्क्रूच्या एका फेऱ्याशी जुळत असेल तर दोष बहुधा स्क्रूकडे असतो. पंपाच्या फेऱ्याशी जुळत असेल तर गिअर वा शाफ्ट तपासावा. कित्येक मिनिटांत सावकाश होणारा बदल तापमानाकडे किंवा नळी ओढणाऱ्या यंत्राकडे बोट दाखवितो. हे न पाहता पंप उघडणाऱ्यास निर्दोष पंप उघडल्याचे श्रम पडतात.

शाफ्टच्या सीलमधून थोडा रस बाहेर येणे हे अनेक पंपांत स्वाभाविक असते, कारण तो रस बेअरिंगमधून फिरून आलेला असतो. तो अजिबात येईनासा झाला किंवा काळा पडला, तर बेअरिंगमध्ये रस साकळला आहे अशी शंका घ्यावी. एकाएकी वाढला, तर सील झिजले असावे किंवा तोंडचा दाब मर्यादेबाहेर गेला असावा.

उघडल्यानंतर

पंप उघडणे आवश्यकच ठरले, तर तो गरम असतानाच उघडावा लागतो. येथे घाई करू नये. आत दाब अडकलेला नाही याची खात्री करावी, मोटारीचा वीजपुरवठा तोडून त्यास कुलूप लावावे, चेहऱ्यावर ढाल आणि हातांत उष्णतारोधक मोजे असल्याखेरीज बोल्टला पाना लावू नये. प्रत्येक बेअरिंग आणि गिअर यांची जागा व दिशा खुणेने नोंदवावी. ते एकमेकांशी घासून जुळलेले असतात, त्यांची अदलाबदल चालत नाही.

प्लास्टिक खरवडण्यास पितळेची वा तांब्याची साधने वापरावी. पोलादी पटाशीचा एक ओरखडा सील होणाऱ्या मुखावर पडला की तेथून गळती सुरू होते. गॅसच्या ज्योतीने पंप जाळून साफ करण्याची रीत टाकून द्यावी. तिने पोलाद एका जागी अतितप्त होऊन त्याचा कठीणपणा जातो आणि घर वाकडे होते. नियंत्रित भट्टीत, निर्मात्याने ठरवून दिलेल्या तापमानाच्या आत साफसफाई करावी.

नंतर भागांचे निरीक्षण करावे. दाबामुळे गिअर पंपाच्या तोंडाकडील बाजूस रेटले जातात, म्हणून घर आणि बेअरिंग यांची झीज त्या बाजूस आधी दिसते. शाफ्टच्या एकाच टोकाशी झीज असेल, तर मोटारीची जोडणी सरळ रेषेत नाही असे समजावे. गोलाकार खोल चरे हे कठीण कण शिरल्याचे लक्षण होय. अशा वेळी पंपाआधीची जाळी फाटली आहे काय आणि भंगार मालातून धातू येत आहे काय, हे पाहिल्यावाचून नवे बेअरिंग बसविणे व्यर्थ आहे. निळसर डाग वंगण तुटून घर्षण झाल्याचे सांगतात. मापे मायक्रोमीटरने घेऊन निर्मात्याच्या मर्यादांशी ताडावी. बोटाने चाचपून निर्णय घेऊ नये.

जुळणी करताना मुखे स्वच्छ व कोरडी असावी. बोल्टच्या आट्यांना उष्णतेत न चिकटणारे लेपन लावावे. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, टप्प्याटप्प्याने आवळावे. पंप तापल्यावर ते पुन्हा एकदा तपासावे आणि मोटारीची रेषाही गरम स्थितीत पाहावी, कारण थंड असताना सरळ असलेली जोडणी तापल्यावर सरकते.

कारखानदारांचे कर्तव्य

लहान कारखान्यात पंप महाग वाटतो, आणि उत्पादन थांबविणे त्याहून महाग वाटते. परिणामी आकडे घसरत असतानाही पंप चालूच ठेवला जातो आणि जाडीची उणीव ओढण्याचा वेग कमी-जास्त करून झाकली जाते. हे धोरण अंती नुकसानीचेच ठरते, कारण मधल्या काळात बाहेर पडलेली नळी परत बोलावता येत नाही. गिअर व बेअरिंग यांचा एक सुटा संच बाळगणे आणि नोंदवहीसाठी पाळीतील दहा मिनिटे कामगारास मोकळी देणे, हे त्याहून स्वस्त आहे.

नोंद ठेवणाऱ्या कामगारास त्या आकड्यांचा अर्थ शिकविणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. प्लास्टिक अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी १९६८ साली त्या वेळच्या मद्रास येथे स्थापन झालेल्या 'सिपेट' या केंद्रीय संस्थेचे केंद्र छत्रपती संभाजीनगर येथेही आहे. अशा संस्थांचा लाभ यंत्रचालकांना मिळवून देणे कारखानदारांच्या हाती आहे. आकडा का घसरला हे ज्यास समजते, तोच चालक वेळीच यंत्र थांबवितो. त्याने यंत्र थांबविले म्हणून त्यास दोष न देता त्याची नोंद वाचावी, एवढे प्रत्येक कारखान्याने पाळले तरी पाकिटातून नळी काढणाऱ्या त्या परिचारिकेचा विश्वास सार्थ ठरेल.